कुलूप दाबलं की लागतं: एकोणीस सर्व्हरच्या वेळापत्रकाचं प्रकरण

जुलै महिना. कारखाने बंद, सपोर्टचे फोन शांत आणि साहेबांच्या हातात क्लाउडचं बिल. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एकच प्रश्न विचारला, "रात्री दोन वाजता ही मशिनं कुणासाठी जळत्यात?"

आमची कंपनी कोल्हापुरातली, पस्तीसेक माणसांची. साखर कारखान्यांना सॉफ्टवेअर देतो: उसाची नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, वजनकाटा, पंधरवड्याची बिलं. सगळं एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अॅमेझॉनच्या भाड्याच्या क्लाउडच्या, मुंबई रीजनमध्ये आहे. त्यातले चार सर्व्हर प्रॉडक्शनचे. हंगामात काटा चोवीस तास चालतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पहाटे तीनलाही असते, त्यामुळे त्या चारांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. उरलेले एकोणीस म्हणजे डेव्हलपरांचे, टेस्टिंगचे, विक्रीवाल्यांच्या डेमोचे, काटा क्लार्कांना शिकवायचे, एक बिल्डचा, आणि दोन असे की ज्यांचा मालक कोण ते ऑफिसात कुणालाच धड सांगता येईना. हे एकोणीस रात्रंदिवस चालू. रविवारी चालू, पाडव्याला चालू, अनंत चतुर्दशीला अख्खं गाव मिरवणुकीत असताना चालू.

साहेब शेतकरी घरातले. म्हणाले, "मोटारीला ऑटो बसवतो का नाही आपण? लाइट आली की मोटार आपोआप सुरू. तसं एक बसवून टाक. आठवड्यात होईल?"

मी हो म्हणालो. लागले साडेतीन महिने. साहेबांची उपमा चुकीची नव्हती, पण विहिरीत पाणी नसताना ऑटोनं मोटार सुरू केली की वाइंडिंग जळतं, हे शेतावरच्या कुणालाही माहीत असतं. माझे साडेतीन महिने त्या न बघितलेल्या विहिरीत गेले.

तास मोजले, पैसे मोजायचे राहिले

आठवड्याचे तास १६८. आमचं ऑफिस सोमवार ते शनिवार. सकाळी साडेआठ ते रात्री आठ सर्व्हर चालू ठेवले तर रोजचे साडेअकरा तास, आठवड्याचे ६९. उरलेले ९९ तास बंद, म्हणजे ५९ टक्के. हा आकडा मी त्याच दिवशी साहेबांना सांगून बसलो. पहिली चूक ती.

सर्व्हर बंद केला की फक्त चालण्याचा मीटर थांबतो. डिस्कचं भाडं सर्व्हर चालू असो वा बंद, पडतंच. स्नॅपशॉटचं, म्हणजे डिस्कच्या राखून ठेवलेल्या प्रतीचं, तसंच. आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (इंटरनेटवरून सर्व्हर गाठायचा आकडी पत्ता) तासाला अर्धा सेंट लावते. आपण कायमचा राखून ठेवलेला पत्ता असेल तर सर्व्हर झोपला तरी पत्ता जागा राहतो आणि महिन्याचे साडेतीन डॉलरच्या वर घेऊन जातो. एका पत्त्याचं काही वाटत नाही, पण आमच्याकडं असे अकरा निघाले. त्यातले चार तर कुठल्याच सर्व्हरला जोडलेले नव्हते.

बिलाचे शंभर रुपये धरले तर ५२ प्रॉडक्शनचे होते. उरलेल्या ४८ मधले १२ डिस्क, स्नॅपशॉट, पत्ते यांचे. चालण्याच्या तासांचे राहिले ३६, आणि त्यातलेही दोन रुपयांचे सर्व्हर वेळापत्रकात घालता येण्यासारखे नव्हते. म्हणजे ३४ रुपयांवर ५९ टक्के, वीस रुपये. साहेबांच्या डोक्यात मात्र ५९ बसलेले. पुढं दिवाळीपर्यंत प्रत्येक बिलाला मला हे गणित पुन्हा मांडावं लागलं. दुसऱ्या कुणाला हे काम करायचं असेल तर सांगेन की टक्के सांगूच नका, बिलातली ओळ दाखवा.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची होती. पूर्वी ईसी२चा, म्हणजे एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या सर्व्हरचा, हिशेब तासावर असायचा, दहा मिनिटांसाठी सुरू केला तरी तासाचे पैसे. २ ऑक्टोबर २०१७ पासून लिनक्सच्या सर्व्हरला सेकंदाचा हिशेब आहे, कमीत कमी साठ सेकंद. त्यामुळे दुपारी कुणी अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू केला तरी नुकसान नाही. (आमच्या एका ग्राहकाचं काम मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर आहे. तिथं मशिनच्या आत शिरून शटडाऊन केलं तर मशिन बंद दिसतं आणि मीटर चालूच राहतो. पोर्टलवरून डीअॅलोकेट झालं, म्हणजे मशिनची जागाच सोडून दिली, तरच थांबतो. त्यांनी वर्षभर तसंच भरलं.)

टेस्ट-२

यादी करायला बसलो. प्रत्येक सर्व्हरपुढं तीन रकाने केले: मालक कोण, रात्री त्यावर काय चालतं, आणि सकाळी सुरू झाला नाही तर पहिला फोन कुणाचा येईल. तिसरा रकाना नंतर सुचला आणि तोच सगळ्यात कामाला आला. "हा सर्व्हर कुणाचा?" विचारलं की सगळे स्क्रीनकडं बघतात. "हा उद्यापासून रात्री बंद," म्हटलं की दोघंतिघं धावत येतात.

बेवारशी दोघांपैकी एकाचं नाव टेस्ट-२. क्लाउडवॉचमध्ये (सर्व्हरवर किती काम चाललंय याची नोंद ठेवणारी एडब्ल्यूएसची सेवा) त्याचा गेल्या दोन आठवड्यांचा आलेख काढला. सीपीयू सपाट, नेटवर्क सपाट. मी तो कायमचा बंद करायच्या यादीत टाकून मोकळा झालो. मागं सपोर्टचे मामा चहाचा कप घेऊन उभे होते. हे एका कारखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडं आलेले, सारी हयात काट्यावर गेलेली. म्हणाले, "रेघ सपाट दिसणारच की रे. आता जुलै हाय. हंगामातली रेघ बघ."

क्लाउडवॉच पाच-पाच मिनिटांचे आकडे ६३ दिवस ठेवतं, मग टाकून देतं. तासातासाचे आकडे मात्र ४५५ दिवस राहतात. मी जानेवारी लावला. रेघेला करवतीसारखे दात. दिवसा होते तसेच रात्रभर, आणि रात्री अकरा ते चार जरा जास्तच दाट.

निघालं असं: तीन हंगामांपूर्वी एका कारखान्यासाठी वजनाचा एसएमएस पाठवण्याची चाचणी या सर्व्हरवर घेतली होती. चाचणी यशस्वी झाली, कारखान्यानं "चालू ठेवा" म्हटलं आणि ते तिथंच चालू राहिलं. ट्रॉली भरलेली वजन झाली, रिकामी वजन झाली, की शेतकऱ्याच्या मोबाइलवर निव्वळ वजनाचा मेसेज जातो, तो टेस्ट-२ वरून. नाव टेस्ट, काम प्रॉडक्शनचं.

मी तो जुलैत बंद केला असता तर नोव्हेंबरपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता. वेळापत्रकावर ठेवला असता तर त्याहून वाईट झालं असतं: दिवसाच्या वजनाचे मेसेज येतात आणि रात्रीचे येत नाहीत. काटामारीची शंका शेतकऱ्याच्या मनात आधीच असते. त्यात रात्रीच्याच खेपांचं वजन कळत नाही म्हटल्यावर गावागावांत काय बोललं गेलं असतं, ते मामांनी मला सांगितलं. इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवसापासून नियम केला की कुठल्याही सर्व्हरचा निर्णय दोन आलेख बघून घ्यायचा, एक आत्ताचा आणि एक जानेवारीचा. दुसऱ्या बेवारशी सर्व्हरचे दोन्ही आलेख सपाट निघाले. त्याचा स्नॅपशॉट घेतला, महिनाभर नुसता बंद ठेवला, कुणाचा फोन आला नाही, मग काढून टाकला.

सोमवार कुठं गेला

हत्यार निवडायला फार वेळ घेतला नाही. एडब्ल्यूएसचं स्वतःचं तयार 'इन्स्टन्स शेड्युलर' आहे. टॅग, म्हणजे सर्व्हरवर लावलेली चिठ्ठी, वाचतं, डायनॅमोडीबी नावाच्या डेटाबेसात वेळापत्रकं ठेवतं, अनेक खाती सांभाळतं. आमच्या एकोणीस सर्व्हरना ते मोठं वाटलं. मी एडब्ल्यूएसच्या इव्हेंटब्रिज सेवेचा टायमर आणि त्यानं उठवलेलं पायथनमधलं एक छोटं लॅम्बडा फंक्शन (हाक आली की तेवढ्यापुरता चालणारा प्रोग्रॅम) लिहिलं: 'शेड्यूल' टॅग बघ, त्या वेळी ज्यांची पाळी आहे ते चालू कर किंवा बंद कर. साठ ओळींचं होतं. आज साडेतीनशे ओळींचं आहे आणि त्यातला बराचसा भाग त्या तयार शेड्युलरमध्ये पहिल्यापासून होता, हेही कबूल करतो.

इव्हेंटब्रिजचा जुना टायमर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, चालतो. आपण साडेपाच तास पुढं. साडेआठ वाजता सुरू करायचं तर तिकडं पहाटेचे तीन लिहायचे, रात्री आठला बंद करायचं तर दुपारचे अडीच. वार सोमवार ते शनिवार. हे चाललं, आणि चाललं म्हणून मी गाफील राहिलो.

कारखान्याच्या पाळ्या पहाटे चार, दुपारी बारा, रात्री आठ अशा बदलतात. पहाटेच्या पाळीला काट्यावर काही अडलं तर सपोर्टच्या पोरांना तोच प्रसंग आमच्याकडच्या 'सराव' सर्व्हरवर करून बघावा लागतो. हंगाम तोंडावर आला तसं त्यांनी मागितलं की हा सर्व्हर सोमवार ते शनिवार पहाटे साडेतीनलाच चालू पाहिजे. मी साडेतीनातून साडेपाच वजा केले, रात्रीचे दहा आले. वार होता तसाच ठेवला, सोमवार ते शनिवार.

कॅलेंडर डोळ्यांपुढं आणून बघा. यूटीसीतले सोमवारचे रात्री दहा म्हणजे आपल्याकडची मंगळवारची पहाट. शनिवारचे रात्री दहा म्हणजे रविवारची पहाट. माझा सर्व्हर मंगळवार ते रविवार उठत होता. सोमवारी झोपलेला, आणि रविवारी रिकाम्या ऑफिसात रात्री आठपर्यंत ताजातवाना.

हे सापडायला तीन आठवडे लागले. सोमवारी पहाटे पाळीवर असलेला पोरगा बघायचा की सर्व्हर बंद आहे, हातानं चालू करायचा आणि कामाला लागायचा. त्याला वाटायचं, सुट्टीनंतरचा पहिला दिवस, असंच असेल. त्यानं सांगितलं नाही म्हणून मी त्याला दोष देत नाही. माझ्या लॉगमध्ये आठवड्याला सहा वेळा 'यशस्वी' लिहून येत होतं आणि मी सहा मोजून समाधानी होतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या इव्हेंटब्रिज शेड्युलरला टाइमझोन सांगता येतो. सगळे टायमर त्यावर हलवले, प्रत्येकावर एशिया/कोलकाता लिहिलं आणि वजाबाकी बंद केली. तो शेड्युलर लॅम्बडाशिवाय थेट सर्व्हर चालू-बंदही करू शकतो, पण त्याला सर्व्हरचे ओळख क्रमांक एकेक करून द्यावे लागतात, टॅग बघून शोध म्हणता येत नाही. म्हणून लॅम्बडा राहिलं.

किल्ली

आता मुख्य गोष्ट. वेळापत्रक सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यातला मंगळवार. टेस्टिंगच्या पाच सर्व्हरपैकी दोन सकाळी बंद. लॉग उघडला: साडेआठला पाचही सर्व्हरना 'चालू हो' सांगितलं, पाचही ठिकाणांहून 'ठीक आहे' आलं. मी कन्सोलमधून ते दोन हातानं चालू केले, पट्कन चालू झाले. वाटलं, काहीतरी क्षणिक असेल.

बुधवारी तेच दोन. गुरुवारी तेच दोन. हातानं केलं की चालू, फंक्शननं केलं की बंद.

शुक्रवारी साडेआठच्या आधी जाऊन स्क्रीनसमोर बसलो. साडेआठ वाजले. दोघंही 'पेंडिंग' झाले. काही सेकंद तसेच राहिले. आणि मग निमूटपणे पुन्हा 'स्टॉप्ड'. कुणी दार उघडून आत डोकावावं आणि काही न बोलता निघून जावं तसं. सर्व्हरच्या तपशिलात खाली, जिथं एरवी नजर जात नाही तिथं, कारण लिहिलेलं होतं: क्लायंट एरर ऑन लाँच. सर्व्हरमध्ये दोष नाही, चालू करायला सांगणाऱ्यात दोष आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बाकीच्या तिघांत आणि या दोघांत फरक एकच होता. या दोघांवर खऱ्या बिलांची नक्कल होती, आणि बिलांची फाइल बँकेला जोडताना ऑडिटरनं घातलेल्या अटीमुळं त्यांच्या डिस्क आमच्या स्वतःच्या केएमएस किल्लीनं एन्क्रिप्ट केलेल्या होत्या (केएमएस म्हणजे एडब्ल्यूएसची किल्ल्या सांभाळणारी सेवा). सर्व्हर चालू होताना डिस्क जोडायची असते, डिस्क उघडायला किल्ली लागते, आणि ती किल्ली वापरायची परवानगी ईसी२ मागतं ती 'चालू कर' म्हणणाऱ्याच्या नावावर. मी म्हणालो तर माझ्या नावावर. माझ्याकडं किल्ली होती. लॅम्बडा म्हणालं तर लॅम्बडाच्या रोलच्या, म्हणजे त्याला दिलेल्या अधिकारांच्या ओळखपत्राच्या, नावावर. त्या रोलला मी सर्व्हर चालू करायची परवानगी दिली होती, बंद करायची दिली होती, किल्लीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. एडब्ल्यूएसची स्वतःची ठरलेली किल्ली असती तर हे घडलंच नसतं. ती खात्यातल्या सगळ्यांना चालते. आम्ही वेगळी किल्ली केली होती ती याचसाठी की सगळ्यांना चालू नये.

बंद होताना हा प्रश्न येत नाही. घराचं कुलूप नुसतं दाबलं की लागतं, किल्ली खिशात आहे का घरात राहिली हे ते विचारत नाही. रात्री आठला सगळे सर्व्हर बिनतक्रार बंद होत होते, आणि त्यावरून मी समजत होतो की रोलची परवानगी बरोबर आहे.

उपाय दोन ओळींचा. रोलला त्या किल्लीवर 'क्रिएट ग्रँट'ची, म्हणजे किल्ली वापरायची मुभा पुढं देण्याची, परवानगी, आणि सोबत अट की ती फक्त एडब्ल्यूएसच्या सेवेसाठीच वापरता येईल. शनिवारी पाचही चालू.

या चार दिवसांनी माझी काम करायची पद्धत बदलली. 'चालू हो' सांगितल्याचा लॉग मी आता पुरावा धरत नाही. पावणेनऊला दुसरं फंक्शन हजेरी घेतं: सर्व्हर चालू आहे का, स्टेटस चेक (एडब्ल्यूएसच्या तब्येतीच्या तपासण्या) पास आहेत का, आणि लॉगिनचं पान खरंच उघडतंय का. तिन्हींतलं एकही चुकलं की मालकाच्या नावासकट ग्रुपवर मेसेज. सगळं ठीक असेल तर काहीच येत नाही. सुरुवातीला मी 'सर्व ठीक' असा मेसेजही पाठवत होतो. पाचव्या दिवशी लोकांनी ग्रुप म्यूट केला.

बारीकसारीक, पण एकेकानं एक-एक सकाळ खाल्ली

ज्यांना राखलेला पत्ता नव्हता त्या सर्व्हरचा पब्लिक आयपी दर सकाळी बदलायचा. ऑफिसात वजनकाट्याचा एक इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारी पेटी, टेस्टिंगसाठी टेबलावर ठेवलाय, त्याच्या सेटिंगमध्ये आकड्यांत पत्ता लिहिलेला. तिथं नाव लिहिलं आणि सर्व्हर उठला की डीएनएसची (नावावरून पत्ता सांगणारी यादी) नोंद स्वतः बदलेल असं केलं. बेवारशी चार पत्ते सोडून दिले.

टेस्टिंगचा डेटाबेस आरडीएसवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेवर. तो उठायला कित्येक मिनिटं घेतो; अॅप्लिकेशनचा सर्व्हर मिनिटात उठतो, डेटाबेस शोधतो, सापडत नाही म्हणून मरतो. आता डेटाबेस आठ वाजून पाच मिनिटांनी, अॅप्लिकेशन साडेआठला. आणि दोन सर्व्हरवर सेवा सुरू होत नव्हती कारण ती कधीकाळी कुणीतरी हातानं सुरू केली होती; सर्व्हर उठल्यावर आपोआप सुरू हो, हे सिस्टमडीला, म्हणजे लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगायचंच राहिलेलं. दोन वर्षं सर्व्हर कधी बंद झालाच नव्हता म्हणून ते झाकलेलं राहिलं.

आरडीएसची आणखी एक खोड आहे. बंद ठेवलेला डेटाबेस सात दिवसांनी तो स्वतःच उठवतो. शिकवण्याचा डेटाबेस आम्ही ऑगस्टभर लागणार नाही म्हणून बंद केला आणि वेळापत्रकातून काढला. आठव्या दिवसापासून तो गुपचूप चालू, ते महिन्याच्या बिलात दिसलं. तेव्हापासून 'बंद'चा टायमर आठवड्याचे सातही दिवस सुटतो, सुट्टी असो, हंगाम नसो. 'चालू'चा टायमर तेवढा कॅलेंडर बघतो. हे कॅलेंडर म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. अकाउंटच्या काकू जानेवारीत तीत सुट्ट्या भरतात, आणि त्यांनी जोतिबाची यात्राही भरली आहे.

डेमोचा एक सर्व्हर ऑटो स्केलिंग ग्रुपमध्ये (ठरलेल्या संख्येइतके सर्व्हर आपोआप चालू ठेवणारी व्यवस्था) होता, ते मी विसरलो. रात्री आठला बंद केला. ग्रुपला वाटलं सर्व्हर आजारी पडला. त्यानं तो मोडीत काढला आणि नवा उभा केला. मोडीत काढताना डिस्कही गेली, आणि तिच्याबरोबर विक्रीवाल्यांनी दोन दिवस बसून भरलेले खोटे शेतकरी, खोटे गट नंबर आणि शेकडो टन खोटा ऊस गेला. अशा ठिकाणी सर्व्हर बंद करायचा नसतो, ग्रुपची संख्या शून्य करायची असते.

एका सकाळी एक जुन्या जातीचा सर्व्हर उठलाच नाही: त्या झोनमध्ये (रीजनमधल्या डेटा सेंटरच्या त्या भागात) आत्ता जागा शिल्लक नाही, असं उत्तर. बंद केलेल्या सर्व्हरसाठी कुणी जागा राखून ठेवत नाही, रिझर्व्हेशनचे पैसे भरले तरच ठेवतात. पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, असे सहा वेळा, एवढं फंक्शनमध्ये घातलं. त्यानंतर हा प्रश्न पुन्हा आला नाही.

प्रॉडक्शनच्या बाबतीत मात्र मी घाबरट आहे. लॅम्बडाच्या रोलला 'शेड्यूल' टॅग असलेलेच सर्व्हर बंद करता येतात, तो टॅग लावण्याचा अधिकार दोघांनाच आहे, आणि प्रॉडक्शनच्या चौघांवर स्टॉप प्रोटेक्शन, म्हणजे चुकून बंद होऊ नये म्हणून घातलेली कडी, लावून ठेवलंय. टेस्ट-२ आता त्यांच्याबरोबर पाचवा.

रात्री आठ

यंत्रांचं असं मिटलं. माणसांचं वेगळं.

पहिल्याच आठवड्यात आठ वाजता एका डेव्हलपरच्या हाताखालून सर्व्हर गेला. तो चिडला, रास्तच होतं. मी साडेसातला ग्रुपवर सूचना सुरू केली आणि 'आज नको' असा टॅग लावायची सोय दिली. तीन आठवड्यांत नऊ सर्व्हरवर 'आज नको' कायमचा बसला. आळसाचं म्हणाल तर तसं, पण माझीच चूक होती. जो टॅग काढायला कुणाला आठवण ठेवावी लागते तो कधीच निघत नाही. आता टॅगमध्ये तारीख लिहावी लागते, जास्तीत जास्त तीन दिवसांची. तारीख उलटली की टॅग असून नसल्यासारखा. चौथ्या दिवशी पुन्हा हवा असेल तर पुन्हा लिहा. दोघांनी कुरकुर केली. बाकीच्यांना तीन दिवसांनंतर तो लागतच नव्हता असं दिसलं.

आणि मग सप्टेंबरअखेर तो डेमो. एका कारखान्याच्या संचालक मंडळापुढं सायंकाळी पाचला ठरलेला. चेअरमन एका लग्नाहून सव्वासातला आले. आमचा विक्रीचा माणूस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दाखवत होता, फोन सायलेंट, साडेसातची सूचना त्यानं बघितलीच नाही. काट्यावर ट्रॉली उभी आहे, भरलेलं वजन आलंय, आता रिकामं वजन येणार, आणि पडद्यावर पांढरं पान. घड्याळात आठ. तो दोन मिनिटं नेटवर्कला दोष देत राहिला. मग चेअरमनच म्हणाले, "आमच्यात काटा बंद पडला तर लोक रस्ता अडवत्यात, तुमच्यात काय करतात?"

रात्री साडेनऊला त्याचा मला फोन आला. त्यातलंही काही इथं लिहिण्यासारखं नाही.

डेमोच्या सर्व्हरना तेव्हापासून घड्याळाची वेळ नाही. सायंकाळी सातनंतर दर पंधरा मिनिटांनी फंक्शन बघतं की गेल्या अर्ध्या तासात कुणी लॉगिन करून काही दाबलंय का. दाबलं असेल तर पुढची फेरी. नसेल तर बंद. रात्री साडेअकराला मात्र काहीही असो, बंद. चालू करायला विक्रीवाल्यांच्या मोबाइलवर एक पान दिलंय, तीन डेमो आणि तीन बटणं. गाडी पार्क करताना दाबायचं, वर हॉलमध्ये पोचेपर्यंत सर्व्हर तयार. यानं बिलात काही पडलं तर पाच-सहा तासांचं पडलं असेल. मी ते मोजलेलंही नाही.

हंगाम सुरू झाला त्या आठवड्यात साहेब स्वतः येऊन माझ्या शेजारी बसले आणि रात्रीचा आलेख बघितला. पाच रेघा हलत होत्या, बाकीच्या जमिनीला टेकलेल्या. "ही पाचवी कुठली?" म्हणाले. टेस्ट-२, सांगितलं. "मग नाव बदल की तिचं." ते अजून केलेलं नाही. हे नाव त्या कारखान्याच्या काट्यावर कुठंकुठं लिहून ठेवलंय ते मामा शोधतायत. आतापर्यंत चार ठिकाणी सापडलंय, त्यातलं एक इंडिकेटरच्या मागं मार्करनं लिहिलेलं.